गूगल सर्च कन्सोल: स्वतःच्या नव्या साइटचा एसईओ स्वतःच करताना सात महिने वापरून पाहिलं

आधीच सांगून टाकते, सर्च कन्सोल (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं फुकट टूल) लावलं म्हणून साइट शोधात वर येत नाही. मला तसंच वाटलं होतं, म्हणजे अकाउंट उघडायचं, साइट जोडायची, साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) द्यायचा आणि पुढचं गूगल बघून घेईल, आपण मोकळे. तसलं काही होत नाही. हे टूल फक्त दाखवतं. काय दाखवतं आणि ते बघून काय करायचं हे कळायलाच मला दोन-अडीच महिने गेले, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

माझी साइट शिलाई मशीनवर आहे. दोरा कसा ओवायचा, कुठल्या कापडाला कुठली सुई, खालून गुंता का होतो, असलं सगळं मराठीतून. माहिती आईची, टायपिंग माझं. आई नुसत्या आवाजावरून सांगते मशीनचं काय बिनसलंय ते. मला मशीनपण येत नाही आणि एसईओपण (साइट शोधात वर आणायचं काम) येत नव्हता, तरी साइट काढली.

डोमेन घेतल्यावर आठवड्याभरात एसईओवाल्यांचे मेल सुरू झाले. एका एजन्सीचा तर फोन, तीस दिवसांत पहिल्या पानावर पहिला नंबर, लेखी गॅरंटी. मी विचारलं कुठल्या शब्दासाठी, तर म्हणे ते आम्ही ठरवू मॅडम. तिथेच कळलं. जो शब्द कोणी शोधतच नाही त्याच्यावर पहिला नंबर कोणीपण आणून देईल हो. आणि पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही हे गूगलने स्वतःच्या मदतपानांवरच लिहून ठेवलंय, शिवाय काही बदलांचा परिणाम दिसायला कित्येक महिने लागू शकतात हेही लिहिलंय. मग ठरवलं, आपणच करून बघू, फुकट तर आहे.

सेटअपचं थोडक्यात. साइट दोन प्रकारे जोडता येते, डोमेन प्रॉपर्टी नाहीतर यूआरएल प्रीफिक्स (ठराविक पत्त्याने सुरू होणारी पानंच). डोमेनवाली घ्या. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला, एचटीटीपी, एचटीटीपीएस, सगळे सबडोमेन एकाच ठिकाणी येतात. त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकावं लागतं, नाव ऐकून घाबरू नका, एक ओळ कॉपी करून पेस्ट करायची असते. फक्त काम झालं म्हणून ती ओळ नंतर काढून टाकू नका, गूगल अधूनमधून परत तपासतं आणि ओळ दिसली नाही की मालकी रद्द होते.

आता माझा मूर्खपणा. साइट बांधताना वर्डप्रेसच्या (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) रीडिंग सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे शोधाच्या यादीत घेऊ नये, असं सांगणारा. अर्धवट साइट कोणाला दिसू नये म्हणून मीच तिथे टिक केली होती आणि मीच विसरले. बारा लेख लिहून झाले, मी रोज गूगलवर साइटचं नाव टाकून बघतेय, काहीच येत नाही, आणि मी मनातल्या मनात गूगलला बोल लावतेय की मराठी साइट म्हटल्यावर यांना कदर नाही. शेवटी कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शनच्या पट्टीत होमपेजचा पत्ता टाकला तर सरळ लिहिलेलं की नोइंडेक्स टॅगमुळे वगळलंय. म्हणजे दारावर कुलूप मीच लावलेलं. टिक काढली, लाइव्ह टेस्ट केली, हिरवं आलं. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे टूल कोणालाही लावायला सांगेन.

नोइंडेक्स आणि रोबॉट्स डॉट टीएक्सटी (बॉटने, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने, कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) यात मात्र बहुतेकांचा घोळ होतो, माझाही झाला. रोबॉट्सच्या फाइलीत अडवलं म्हणजे बॉट ते पान वाचत नाही एवढंच, पण दुसऱ्या कोणी त्या पानाला लिंक दिली असेल तर नुसता पत्ता गूगलमध्ये येऊ शकतो. आणि पान खरंच बाहेर ठेवायचं असेल तर नोइंडेक्स लावून बॉटला आत येऊ द्यावं लागतं, कारण आत आल्याशिवाय त्याला ती पाटी वाचताच येणार नाही. दोन्ही एकदम लावलं तर पाटी आत आणि दार बंद, उपयोग शून्य.

कुलूप काढल्यावर पुढचा टप्पा वाट बघण्याचा. पेज इंडेक्सिंगच्या रिपोर्टमध्ये दोन ओळी अशा आहेत की नवीन साइटवाल्याची झोप उडते. डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड म्हणजे पत्ता कळलाय पण अजून कोणी फिरकलं नाही. क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड म्हणजे येऊन बघून गेले आणि तूर्तास ठेवलं नाही. लग्नाच्या बाजारातल्यासारखं, कळवतो म्हणाले आणि गेले. दुसऱ्या प्रकारात माझी चार पानं होती आणि खरं सांगू का, ती होतीच तशी, प्रत्येकी दीडशे शब्द, सगळीकडे तेच, सुई बदला आणि तेल घाला. चारही एकत्र करून आईकडून नीट सगळं विचारून एकच मोठं पान केलं, जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची वळवणी, लावले, आणि ते पान काही आठवड्यांनी आलं. त्यामुळेच आलं का ते छातीठोक सांगता येणार नाही, पण आलं.

रिक्वेस्ट इंडेक्सिंग नावाचं बटण आहे त्याचं व्यसन लागतं. मी एकेका पानासाठी रोज दाबायचे. मग वाचलं की एकाच पत्त्यासाठी परत परत दाबून काही लवकर होत नाही आणि दिवसाचा कोटापण असतो. एकदा दाबा आणि दुसरं काम करा. पानं जास्त असतील तर साइटमॅप द्या, एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, म्हणजे आपल्यासारख्यांना जन्मभर पुरेल.

आता खरी मजा, परफॉर्मन्स रिपोर्ट. चार आकडे असतात. इम्प्रेशन म्हणजे शोधात किती वेळा दिसलो, क्लिक म्हणजे किती जण आत आले, सीटीआर म्हणजे त्याची टक्केवारी आणि मग सरासरी पोझिशन, म्हणजे शोधात साधारण कितवे आलो. पोझिशनवर भाळू नका. एकदा माझ्या एका लेखाची पोझिशन २ दिसली, मी आईला फोन करून सांगितलं, नंतर बघते तर इम्प्रेशन एक. म्हणजे जगात एका माणसाने ते शोधलं आणि बहुतेक ती मीच.

पण त्याच्याखाली क्वेरीजची यादी असते ना, लोकांनी नेमकं काय टाइप केलं ती, मला विचाराल तर अख्ख्या सर्च कन्सोलमध्ये पहिली बघायची गोष्ट तीच. बाकीचं सगळं त्याच्यापुढे प्लंबिंग. माझ्या एका लेखाचं शीर्षक होतं ‘शिलाई यंत्रातील धागा-ताण समायोजन’. मला फार भारी वाटलं होतं ते. इम्प्रेशन्स येत होती थोडी, पानात आत कुठेतरी दोरा, तुटणे असे शब्द होते म्हणून, पोझिशन चाळीसच्या आसपास, क्लिक शून्य. आणि लोक काय टाइप करत होते बघा: मशीनचा दोरा सारखा तुटतो. मशीन टाका सोडते. खालून दोऱ्याचा गुंता होतो. आईला यादी वाचून दाखवली तर म्हणाली, ‘अगं मग बरोबरच आहे की, समायोजन कोण म्हणतं? बायका येऊन सांगतात दोरा तुटतोय, तेच लिही ना.’

मग शीर्षक केलं ‘शिलाई मशीनचा दोरा सारखा का तुटतो’ आणि पहिल्याच परिच्छेदात उत्तर: सुई बोथट झालीय किंवा उलटी बसलीय का बघा, वरचा ताण फार घट्ट आहे का बघा, दोरा ओवताना एखादी कडी सुटलीय का बघा. आधी मी तीन परिच्छेद यंत्राचा इतिहास सांगत होते, तो सगळा उडवला. खालच्या गुंत्याचं तर वेगळं पानच केलं, कारण त्याचं कारण बहुतेक वेळा वरच असतं. ओवताना दाबपट्टी खाली असली की वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही आणि गुंता मात्र खाली दिसतो, सगळे बिचारे बॉबीनच्या मागे लागतात. हे मला माहीत नव्हतं, आईला माहीत होतं, पण लोक हे विचारतायत हे आईलाही माहीत नव्हतं, ते कन्सोलने सांगितलं. दीडेक महिन्यात दोरा तुटण्याचं ते पान पहिल्या दहात आलं आणि क्लिक यायला लागले, अनोळखी माणसांचे.

मराठी साइटवाल्यांसाठी अजून एक गंमत. बऱ्याच क्वेरीज इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या मराठीत येतात आणि स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. मी त्यासाठी पानात इंग्रजी अक्षरांतली वाक्यं कोंबायला निघाले होते, मग माझं मलाच वाचवेना, सोडून दिलं. पानांचे पत्ते मात्र मी इंग्रजी अक्षरांत लहान ठेवलेत, कारण देवनागरी पत्ता कॉपी केला की एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात टक्के-आकडे-टक्के अशी, आणि कोणाला पाठवला तर समोरच्याला वाटतं व्हायरस आहे. रँकिंगला त्याने फरक पडतो असं मी म्हणत नाहीये, दिसायला बरं एवढंच.

शीर्षकाबद्दल एक, तुम्ही दिलेलं शीर्षक गूगल दाखवेलच असं नाही, कधीकधी पानातलंच दुसरं काहीतरी उचलून लावतं. मेटा डिस्क्रिप्शनचंही (शोधात शीर्षकाखाली दिसावा म्हणून दिलेला सारांश) तेच, रँकिंगसाठी ते धरत नाहीत पण माणूस ते वाचून क्लिक करतो म्हणून लिहावं. आणि तो कीवर्ड्सचा मेटा टॅग, ज्यात स्वल्पविराम देऊन शंभर शब्द भरायचे, तो वेब शोधाच्या रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी मला फोन करणाऱ्या एजन्सीच्या यादीत ते काम पहिल्या नंबरवर होतं.

मर्यादा आहेत. स्क्रीनवर जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात. जी क्वेरी फार थोड्या लोकांनी केली असेल ती प्रायव्हसीसाठी लपवतात, त्यामुळे यादीची बेरीज आणि वरचा एकूण आकडा जुळत नाही, नवीन साइटवर हे जास्तच जाणवतं कारण आपल्या सगळ्याच क्वेरीज थोड्या लोकांच्या. डेटा मागचा १६ महिन्यांचाच राहतो, तेव्हा दर महिन्याला एक्सपोर्ट करून ठेवा. २०१८ च्या आधी, जुन्या कन्सोलमध्ये, तो ९० दिवसांचाच मिळायचा म्हणे, ते लोक कसे जगले कोण जाणे. आणि ही सगळी माहिती फक्त गूगलची, बिंगचं स्वतःचं वेगळं वेबमास्टर टूल आहे, तिथे कन्सोलमधून साइट सरळ इम्पोर्ट होते, पाच मिनिटांचं काम, करून टाका.

कोअर वेब व्हायटल्स (पान किती पटकन उघडतं वगैरे) नावाचा टॅब नवीन साइटला रिकामाच दिसतो. बिघडलेलं नाही ते, खऱ्या वाचकांच्या ब्राउझरमधून येणारा डेटा पुरेसा जमल्याशिवाय तिथे काही येत नाही. तोपर्यंत पेजस्पीड इनसाइट्समध्ये (गूगलचंच वेग तपासायचं टूल) पत्ता टाकून बघा. मी टाकला तर मोबाइलवर सगळं लाल, कारण फोनने काढलेले बॉबीनचे फोटो जसेच्या तसे चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. लहान करून वेबपी (फोटोचा हलका प्रकार) केले. पानावर आकाराने सगळ्यात मोठी असलेली गोष्ट, फोटो किंवा मजकूर, अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे असा निकष आहे, आता जेमतेम बसते. पण यापायी रात्र जागवू नका, मी जागवली, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आणले आणि क्लिक तेवढेच राहिले.

लिंक्सच्या रिपोर्टमध्ये कोणी आपल्याला लिंक दिलीय ते कळतं. माझ्याकडे पाच आहेत. विकत घेऊ नका, ते नियमात बसत नाही. स्वतःच्या पानांना एकमेकांशी जोडणं मात्र आपल्या हातात असतं आणि तेच आपण करत नाही, माझी तीन पानं अशी होती की त्यांच्याकडे साइटवरून जायला रस्ताच नव्हता.

पाचपैकी किती द्यायचे तर मी साडेचार देते. अर्धा त्या इंडेक्सिंगच्या वाक्यांसाठी कापला, ती नवख्याला कळतील अशी लिहिता आली असती. हजारो पानांचं दुकान असेल तर एकट्याने करू नका, जाणकार माणूस घ्या. वीस-तीस पानांची साइट असेल आणि विषय तुमचा असेल, तर बाहेरच्याला पैसे देण्याआधी तीन महिने ही क्वेरीजची यादी वाचा.

मी आता दर सोमवारी वाचते, आईला फोनवर. या सोमवारी वर सरकलेली क्वेरी होती ‘मशीन जड चालतंय’ आणि त्यावर माझं पानच नाही, दुसऱ्याच एका लेखावर लोक येऊन परत जातायत. आईला म्हटलं सांग, लिहून घेते. तर म्हणाली, ‘आधी मला सांग, माझ्या मशीनला तू शेवटचं तेल कधी घातलंस?’