पेपर छापून आला आणि तिथेच अडकला

कायद्याच्या जर्नलला पेपर पाठवणाऱ्यांनी हे वाचावं, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच. मुलाखतीला प्रकाशित पेपर लागतात, ही टांगती तलवार आपल्या डोक्यावर कायम असते. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट जर्नलवाली माणसं तेवढंच हेरून मेल टाकतात.

माझा पेपर शाहू महाराजांच्या 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यावर होता. करवीर (कोल्हापूर) संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना देणाऱ्या त्या हुकमापासून सरकारी नोकऱ्यांत आरक्षणाची मुभा देणारं राज्यघटनेचं कलम 16(4) आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या इंद्रा साहनी निकालातल्या आरक्षणावरच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत मी आले होते. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात आणि पुराभिलेखागारात बसून एकेक तळटीप जमवली होती. इथल्याच एका परिसंवादात पेपर वाचला आणि लगेच एका जर्नलचा मेल आला. ‘यूजीसी केअर लिस्टेड’ (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीतलं), नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक, संपादक मंडळावर मोठमोठी नावं. सकाळी पेपर पाठवला, दुसऱ्या दिवशी दुपारी स्वीकृतीपत्र हातात. सोबत परीक्षकाचा अभिप्राय म्हणून एवढंच: ‘विषय चांगला आहे. भाषा सुधारावी.’ कायद्याचा पेपर खरोखर वाचणारा माणूस निदान एका निकालावर तरी वाद घालतो.

फी 3,500 रुपये, यूपीआयने, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. छपाईआधी तपासायला प्रूफ आलंच नाही, थेट प्रमाणपत्र आलं. छापलेला पेपर उघडला तर निम्म्या तळटीपा गायब आणि 1902 चा जाहीरनामा 1920 चा झालेला. ज्या तारखेवर सगळा युक्तिवाद उभा, तीच चुकीची, आणि वर माझं नाव. तो अंक बघून मला रडू आलं.

मग तपासायला घेतलं. आयएसएसएनच्या पोर्टलवर तो आठ अंकी क्रमांक टाकला, तर तो भलत्याच, शेतीविषयक नियतकालिकाचा निघाला. खरं तर हा क्रमांक फक्त नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जा नाही. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून फुकट मिळतो. पेपरवरचा डीओआय, म्हणजे लेखाची कायमची ऑनलाइन ओळख-लिंक, तर उघडतच नव्हता. आणि यूजीसीने केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्येच बंद केली आहे. आज कुणी त्या यादीचा शिक्का दाखवत असेल, तर तिथेच थांबा.

पैसे गेले ते गेले, पण खरं नुकसान वेगळंच आहे. चांगलं जर्नल लेख घेताना तो आधी कुठे छापलेला नाही, असं लिहून मागतं. माझा पेपर आता ‘प्रकाशित’ आहे. तो काढून टाका म्हटलं, तर त्यांनी पेपर मागे घेण्याची वेगळी फी मागितली, वर कॉपीराइट आमचा असं ऐकवलं. ही दुसरी फी मी भरलेली नाही आणि तुम्हीही भरू नका. एकदा दिली की तिसरी मागणी येणार.

आमच्या गाईड मॅडमनी सांगितलं तसं मी पेपर मागे घेत असल्याचं लेखी कळवलं, कॉपीराइटच्या कागदावर सही केलेली नाही हेही त्यात नोंदवलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार दिली. ज्यांची नावं संपादक मंडळात होती, त्यातल्या एका प्राध्यापकांना मेल केला. त्यांचं उत्तर आलं की या जर्नलचं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नाही. हे पैसे भरण्याआधीच करता येतं: मंडळातल्या कुणालाही, त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर, दोन ओळी लिहा.

ज्यांनी असे पैसे भरलेत, त्यांनी मेल, स्वीकृतीपत्र आणि छापलेल्या पानांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण वेबसाइट कधी गायब होईल सांगता येत नाही. व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांकही जपून ठेवा, तक्रार नोंदवताना तो विचारतात.