तीन महिने ॲक्टिव्हिटी बॉक्स घेतला, आता बंद केलाय, सविस्तर सांगते

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आणि धाकटा अडीचचा. बाहेर धो धो पाऊस, शाळेला मधेच रेड अलर्टची सुट्टी, आणि मोबाईल हातात द्यायचा नाही असं ठरवलेलं, मग संध्याकाळपर्यंत दोघांना कशात गुंतवायचं हे ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून एक ॲक्टिव्हिटी बॉक्स चालू केला, म्हणजे मुलांनी करायच्या कामांचं तयार सामान असलेला डबा, दर महिन्याला घरी येतो तो, तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन, महिन्याला ७९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मी दुसऱ्या दोन ठिकाणचे बॉक्सही मैत्रिणींकडे बघितलेत आणि साधारण सगळे एकाच पद्धतीचे असतात, त्यामुळे घ्यायचा विचार करत असाल तर कुठलाही घ्या, हे उपयोगी पडेल.

पहिलं चांगलं सांगते. पॅकिंग छान, कागद चांगला जाड, रंग हाताला लागत नाहीत, सूचनांचं पुस्तक चित्रांचं होतं त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलीलाही बघून कळत होतं. बॉक्स आला त्या दिवशी घरात सण असल्यासारखा आनंद होता, ती दारातूनच ओढत आत घेऊन आली. पहिल्या बॉक्समध्ये सिंहाचा मुखवटा, एक लाकडी फोटोफ्रेम रंगवायला, दोन कोडी आणि लोकरीचं एक काम असं होतं.

आता मुद्दा. सिंहाचा मुखवटा बारा मिनिटांत झाला. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतेय. आयाळीचे तुकडे कापलेले, मागे चिकटपट्टी लावलेली, कुठे काय चिकटवायचं त्याच्या खुणा छापलेल्या, पोरीने फक्त कागद सोलायचा आणि दाबायचं. झाल्यावर तो सुंदर दिसत होता हे खरं, पुस्तकातल्या फोटोसारखाच दिसत होता, पण तिने तो पाच मिनिटं घातला, आरशात बघितलं आणि विचारलं, "आई, आता पुढचं?" चार कामांचा डबा, महिनाभर पुरायला हवा होता, तो एका शनिवार-रविवारात संपला. आणि एखादा तुकडा वाकडा लागला की ती रडायला लागायची, कारण समोर चित्र आहे ना कसं दिसायला पाहिजे त्याचं, आणि आपलं तसं नाही झालं. हे मला जास्त लागलं. एरवी भिंतीवर, फरशीवर बिनधास्त रेघोट्या मारणारी मुलगी ती.

दुसऱ्या बॉक्समध्ये गाडी करायची होती तर चाकांचा दांडा एकच आला, दोन हवे होते. कस्टमर केअरला मेल केला, फोटो पाठवला, नऊ दिवसांनी उत्तर आलं आणि दांड्याच्या ऐवजी पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कूपन दिलं. मुलीला कूपनचं काय सांगणार? शेवटी झाडूची जाड काडी कापून घातली, चालली गाडी. हे एक वेळ चालेल, पण त्याच डब्यात पाण्यात टाकल्यावर फुगतात त्या रंगीत गोळ्यांचं पाकीट होतं, जेलीसारख्या होतात त्या. डब्यावर चार वर्षांपुढे लिहिलेलं होतं मान्य आहे, पण ज्या घरात मोठं मूल चार-पाचचं आहे तिथे धाकटं असतंच की बऱ्याचदा. या गोळ्या पोटात गेल्या तर आतमध्ये फुगतात आणि आतडं अडू शकतं, आणि एक्सरेमध्ये सहसा दिसतही नाहीत. मी ते पाकीट न फोडता टाकून दिलं. तुमच्या घरी असतील तर प्लीज आजच टाका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. आणि खेळणं कुठलंही घेताना आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा झालाय, तरी आपण कोणी बघत नाही.

मग दुसरा बॉक्स आणि तिसरा बॉक्स यांच्या मधल्या दिवसांत जे घरात झालं त्याच्यामुळे माझं मत पक्कं झालं.

सासूबाई पोळ्या करत होत्या, त्यांनी दोघांना कणकेचा एकेक गोळा दिला, आपण सगळ्यांनी लहानपणी खेळलेलंच आहे हे. पण कणीक तासाभरात काळी पडते आणि वाळते, म्हणून मी त्याच दिवशी मिठाची माती केली. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल, चमचाभर लिंबाचा रस, सगळं कढईत एकत्र करून मंद गॅसवर हलवत राहायचं, आधी खळीसारखं होतं, घाबरू नका, दोन-चार मिनिटांत एकदम गोळा होऊन कढई सोडतं. कोमट झालं की तेलाच्या हाताने मळायचं. बाजारच्या मातीपेक्षा मऊ होते. अर्ध्या गोळ्यात हळद घातली, अर्ध्यात बीटाचं पाणी. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं म्हणून तिला घाम फुटल्यासारखी ती चिकट होते, तेव्हा थोडा सुका मैदा लावून मळायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची, माझी तीन आठवडे टिकली. एकच काळजी, यात मीठ खूप असतं, धाकटा तोंडात घालत असेल तर समोर बसूनच खेळवा, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब, कुत्र्यांना एवढं मीठ खरंच धोक्याचं असतं.

या मातीवर दोघं दीड तास बसली. दीड तास! आधी पोळ्या लाटल्या, मग त्याच पोळ्यांचे साप झाले, साप मोडून गणपती झाला, गणपतीचा उंदीर, उंदराला शेपूट लावताना ती तुटली तर कोणी रडलं नाही, परत मळलं आणि परत केलं. मुखवटा मोडून परत करता येत नव्हता, हाच फरक आहे बघा सगळा.

आणि खरी मजा पुढे झाली. पिवळी माती खेळून मुलीचे हात पिवळे झालेले, तिने बेसिनवर साबण लावला आणि किंचाळली, हात लाल झाले! धावत आली, मला वाटलं लागलं की काय. हळदीला साबण, सोडा, चुना असलं काही लागलं की ती लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पूर्वी कुंकू हळदीपासूनच करायचे, चुना लागला की लाल होते ती." मग काय, हळदीचं दाट पाणी केलं, साध्या कागदावर बोळ्याने फासलं, पंख्याखाली वाळवलं, आणि कानकोरणीचा कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून लिहायला दिलं. पिवळ्या कागदावर लाल अक्षरं उमटतात. तिने स्वतःचं नाव, मांजर, आणि आजीला एक चिठ्ठी लिहिली, त्यात आ उलटा होता. मग त्यावर लिंबाचा थेंब टाकून पुसायचं, परत लिहायचं, असं त्या एका हळदीच्या चमच्यावर दोन दिवस गेले. कपड्यांना डाग पडतात, जुनेच कपडे घाला, पडला तर धुऊन कडक उन्हात वाळत घाला, ऊन लागलं की हळद फिकी होते.

भेंडीचे ठसेही करून बघा, पण कोवळी भेंडी नको, भाजीला चालत नाही ती जून भेंडी घ्या, देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापा आणि अर्धा तास तशीच ठेवा म्हणजे चिकटपणा कमी होतो. ताटलीत ओला रुमाल घडी घालून ठेवायचा, त्यावर पोस्टर कलर ओतायचा, हा झाला स्टॅम्प पॅड. रंगात थेट बुडवलं तर नुसता गोळा उमटतो. नीट उमटलं की पाच पाकळ्यांचं फूल, एखाद्या भेंडीला सहा-सात पाकळ्या पण निघतात आणि मुलगी आता भाजी निवडताना मोजत बसते. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हे काम उत्तम होतं, कागद जाड असतो.

सामानासाठी मी एक दिवस बोहरी आळीत गेले, रविवार पेठेत. पुण्यातल्यांना सांगायला नको पण बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगते, गाडी लांब लावा आणि चालत जा, आत गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका, आणि गणपतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत लहान मूल घेऊन तर नकोच. घोटीव कागद, क्रेप कागद, आइस्क्रीमच्या रंगीत काड्यांचं मोठं पाकीट, लोकरीचे चार गुंडे, मास्किंग टेप, पोस्टर कलरच्या सहा बाटल्या, बोथट टोकाच्या दोन कात्र्या आणि फेव्हिकॉलचा मोठा डबा, सगळं मिळून ६४० रुपये झाले, म्हणजे एका बॉक्सपेक्षा कमी, आणि अजून अर्धं शिल्लक आहे. दुकानातल्या काकांनी विचारलं, "शाळेचा प्रोजेक्ट आहे का ताई?" म्हणलं नाही, घरी खेळायला. तर त्यांनी कापून उरलेल्या कार्डशीटच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा तसाच पिशवीत टाकला, पैसे घेतले नाहीत. त्या पट्ट्या सगळ्यात जास्त वापरल्या गेल्यात. ज्यांना फक्त कागदच हवाय त्यांनी अप्पा बळवंत चौकात जावं, तिथे कागदांचे प्रकार भरपूर. भातुकली मात्र तुळशीबागेतूनच.

त्या पट्ट्यांचं आम्ही हेलिकॉप्टर केलं. पट्टी अर्ध्यापर्यंत मधून उभी कापायची, दोन पंख उलटसुलट दिशेला दुमडायचे, खालच्या टोकाला यू-क्लिप लावायची आणि जिन्यावरून सोडायचं, गरगर फिरत खाली येतं. मुलीने स्वतःच शोधून काढलं की दोन क्लिपा लावल्या तर जोरात पडतं आणि पंख उलट दुमडले तर उलटं फिरतं. मी काहीही शिकवलं नाही, मी पायरीवर चहा घेऊन बसले होते. असल्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांची साइट नक्की बघा, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली, टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी आहेत तिथे, मराठीतही व्हिडिओ आहेत आणि सगळं फुकट. पोरांना व्हिडिओ दाखवत बसण्यापेक्षा आदल्या रात्री आपण बघून ठेवायचं, मला तसं बरं पडलं.

चिकटवायला मोठ्या कामाला खळ करा, मैद्याची, आपली नेहमीची. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची, मुलं हाताळणार असतील तर तो अजिबात घालू नका, विषारी असतो, रोजच्या रोज ताजी करा आणि उरलेली टाकून द्या. आणि ते डाळी-कडधान्यं वेगळी करायचं काम सगळीकडे सुचवतात, तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. हरभरा, वाटाणा नाकात घालतात मुलं आणि तो आत ओला होऊन फुगतो. धाकट्याला मी बाटल्यांची मोठी झाकणं देते आणि स्टीलचा डबा, झाकणं टाकायची आणि ओतायची, त्याच्यासाठी तेच काम आहे, आवाज होतो, आपण सहन करायचा.

तर बॉक्सला माझ्याकडून पाचपैकी अडीच. पूर्ण वाईट म्हणणार नाही. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात, दवाखान्यात मूल ॲडमिट असताना, किंवा नात्यातल्या मुलाला वाढदिवसाला द्यायला तो खरंच चांगला आहे, पसारा होत नाही. दोघं नोकरी करणारे असतील आणि मूल आजी-आजोबांकडे असेल तर आजोबांना कात्री-रंग काढून बसवण्यापेक्षा डबा उघडणं सोपं, हे पण समजतं मला. पण एकच सुटा बॉक्स घ्या, सबस्क्रिप्शन नको. माझं तीन महिन्यांनी आपोआप रिन्यू झालं, कार्डवरून पैसे कापले गेल्यावर कळलं, परत मिळवायला तीन फोन लागले. घेतलात तर त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा.

तिसऱ्या बॉक्समधलं एक काम अजून तसंच पडलंय, कारण सध्या आमच्याकडे आळीव चालू आहे. किराणा दुकानात मिळतं तेच, लाडवाचं. अंड्याच्या टरफलावर मुलीने स्केचपेनने चेहरा काढला, आत ओला कापूस, त्यावर चमचाभर आळीव. पाणी लागल्यावर आळीव बुळबुळीत होऊन कापसाला चिकटून बसतं त्यामुळे सांडत नाही, दिवाळीच्या किल्ल्यावर ते म्हणूनच छान उगवतं. अंडी घरात आणत नसाल तर नारळाची करवंटी घ्या. दुसऱ्या दिवशी मोड आले, आज सहावा दिवस, दोन बोटं हिरवे केस झालेत, दोघं सकाळी उठल्या उठल्या आधी खिडकीत बघायला जातात. उद्या केस कापायचे आहेत आणि कापलेले केस काकडीच्या कोशिंबिरीत घालायचे असं मुलीने आजीला आत्ताच सांगून ठेवलंय.