उभ्या गाडीसाठी स्मार्ट बॅटरी चार्जर: काही महिने वापरल्यानंतर

आमची गाडी कधी कधी महिनाभर जागची हलत नाही, म्हणून चार अँपिअरचा स्मार्ट चार्जर घेतला. काही महिने तो नेमाने वापरल्यावर आता खात्रीने लिहितो आहे.

गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ आणि कंट्रोल युनिट थोडा थोडा करंट खातच असतात. माझ्या गाडीत मल्टिमीटर लावून पाहिलं तर हा खप 50 मिलिअँपिअरच्या आसपास निघाला. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. 45 अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने तीन आठवड्यांच्या आतच निम्मी उतरते. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. खरं नुकसान इथे होतं.

‘अधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. उभ्या गाडीत आयडलिंगवर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) जेमतेम चार्ज देतो, आणि इंजिन गरम न झाल्याने तेलात, सायलेन्सरमध्ये ओल साचते ती वेगळीच.

चार्जरचं काम मला मनापासून आवडलं. सुरुवातीला तो पूर्ण करंट देतो, व्होल्टेज 14.4 च्या घरात पोचलं की करंट हळूहळू उतरवतो, आणि बॅटरी भरली की 13.6 च्या आसपास धरून ठेवतो. जुन्या साध्या चार्जरला हे थांबणं जमत नाही. तो लावून विसरलात तर बॅटरीतलं पाणी आटतं. चार्जर काढून रात्रभर गाडी तशीच ठेवली की सकाळी मीटरवर 12.6 ते 12.7 दिसतात. हे आकडे विसावलेल्या बॅटरीचेच धरावेत. 12.4 च्या खाली गेली की मी चार्जिंग लावतो, 12.2 म्हणजे ती निम्मी रिकामी.

चिमटे लावण्याच्या क्रमात हयगय करू नका. आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा बॅटरीपासून लांब, इंजिन किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, आणि सगळ्यात शेवटी प्लग. काढताना बरोबर उलट. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, म्हणून बंदिस्त गॅरेजचं दार उघडं ठेवा. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाड्यांत तर काळा चिमटा बॉडीलाच हवा, नाहीतर गाडीच्या संगणकाला चार्जिंगचा हिशेबच लागत नाही. एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं) असेल तर तिचा वेगळा मोड निवडा. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावूच नका.

मोठ्या उणिवा दोन. वीज जाऊन आली की हा चार्जर स्टँडबायवर जाऊन बसतो, बटण पुन्हा दाबावं लागतं. महिनोन् महिने लावून ठेवायच्या वस्तूत हे खटकतं. दुसरं, पार उतरलेली बॅटरी तो ओळखतच नाही. वायरही आणखी हातभर लांब चालली असती.

पार्किंगमध्ये प्लगची सोय नसेल तर हा चार्जर घेऊन उपयोग नाही. अशा वेळी लांब मुदतीसाठी गाडी उभी करताना बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह टर्मिनलची वायर काढून ठेवा. त्याआधी रेडिओचा कोड (बॅटरी सुटली की काही रेडिओ तो मागतात) हाताशी आहे ना, आणि बॅटरी सुटल्यावर दार किल्लीने उघडतं ना, हे पाहून घ्या.