उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत: 'विच कल्ट्स ऑफ द रेडिओ एज'

एप्रिलमध्ये लावलेला हा अल्बम पोळा होऊन गेला तरी फोनमधून निघालेला नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो. पूर्ण नाव 'ब्रॉडकास्ट अँड द फोकस ग्रुप इन्व्हेस्टिगेट विच कल्ट्स ऑफ द रेडिओ एज'. 2009 साली वॉर्प लेबलनं काढला. ब्रॉडकास्ट हा बर्मिंगहॅमचा बँड, म्हणजे गायिका ट्रिश कीनन आणि जेम्स कार्गिल. फोकस ग्रुप म्हणजे एकटा ज्युलियन हाउस. ब्रॉडकास्टची कव्हरंही त्याचीच.

23 ट्रॅक, वेळ पाऊण तासाच्या थोडी वर. बरेच तुकडे मिनिट-दोन मिनिटांत संपतात. घंटा, बासरी, उलटी फिरणारी टेप, मध्येच जुन्या शैक्षणिक कार्यक्रमासारखी धून, आणि सूर लागतोय म्हणेपर्यंत कात्री! लूप, म्हणजे परत-परत वाजणारे तुकडे, तालावर बसूच नयेत असे कापलेत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन रे, स्टेशन लागून नाही राहिलं का?" याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलं नाही.

यातला जादूटोणा भुताच्या सिनेमातला नाही. तो आपल्या मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेऊन जाळतात त्या पुतळ्याच्या जातीचा आहे. नागपूरच्या इतवारीत "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडताना पोरांना भीती कमी आणि मजाच जास्त येते. इथले समूहाचे मंत्र ऐकताना तसंच होतं. आठवणी मात्र सगळ्या त्यांच्या, 1960-70 च्या ब्रिटिश रेडिओ-टीव्हीच्या. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये 1958 पासून टेप कापून-जोडून आवाज घडवत, तो वारसा इथे जागोजागी ऐकू येतो. आकाशवाणीवर वाढलेल्या कानाला तो फार परका वाटत नाही.

इतक्या महिन्यांनी टिकलं काय? कोलाजची गंमत ओसरते. पुढची कात्री कुठे लागणार ते पाठ झालं की काही तुकडे नुसतेच खुळखुळतात. ट्रिशचा आवाज मात्र जुना होत नाही. 'आय सी, सो आय सी सो' मध्ये ती भावनेचा जराही आव न आणता गाते, नि तरी गाणं डोक्यात बसतं. जानेवारी 2011 मध्ये न्यूमोनियानं ती गेली, 42 व्या वर्षी. त्यामुळे ही जोडगोळी पुढे कुठवर गेली असती, हा प्रश्न तसाच राहिला.

शफल बंद ठेवा. कूलर चालू असताना तर ऐकूच नका. घरघर टेपची की पंपाची, कळत नाही. हेडफोन हवाच, छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर खालचे थर गायब होतात. आधी 'द बी कॉलनी' ऐका. आवाज आवडला पण कापाकापी झेपली नाही, तर ब्रॉडकास्टचाच 2005 चा 'टेंडर बटन्स' घ्या, तिथे गाणी पुरती ऐकायला मिळतात.