भूमापनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम : माझा अनुभव

भूमापनात करिअर करू इच्छिणाऱ्यांना हा अभ्यासक्रम मी मनापासून सुचवेन, कारण येथे टोटल स्टेशनला (कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला) हात लावण्याआधी साखळी, होकायंत्र आणि ऑटो लेव्हल (उंचीतील फरक मोजण्याचे यंत्र) यांवर कसून सराव करून घेतात. पाच बाजूंच्या बंद ट्रॅव्हर्समध्ये (मोजणीच्या रेषा जोडून सुरुवातीच्या बिंदूवर परत येणाऱ्या आकृतीत) आतील कोनांची बेरीज ५४० अंश यायला हवी. आमची बेरीज २ मिनिटांनी (१ मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकली, तेव्हा शिक्षकांनी आकडे जुळवून न देता तिपाई पुन्हा खुणेवर आणून, बुडबुडा मध्यावर घेऊन सगळे कोन नव्याने मोजायला लावले. जीएनएसएसला (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान ठरवण्याच्या पद्धतीला) मात्र जेमतेम दोन दिवस मिळाले, हे खटकले. पुढे स्थापत्य किंवा जिओमॅटिक्सची (भूमापन व नकाशाशास्त्राची) पदवी घेण्याबाबतचे मार्गदर्शन उत्तम होते. परवान्याच्या अटी देशागणिक निराळ्या असल्याने त्या प्रवेशापूर्वीच तपासून घ्याव्यात.