क्रॉल स्पेसमधला रेडॉन: झरोके वाढवायचे की प्लास्टिकखालून वायू ओढायचा?

अमेरिकेत घराच्या तपासणीत रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा घातक किरणोत्सर्गी वायू, हवेत 4 पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति लिटर किंवा त्याहून जास्त निघाला, की तिथली पर्यावरण संस्था ईपीए उपाय करायला सांगते. घराखाली क्रॉल स्पेस, म्हणजे रांगतच शिरावं लागेल अशी मातीची पोकळी असेल, तर बहुतेकदा दोन मार्ग समोर येतात.

झरोके वाढवणं, हवं तर जोडीला पंखा, हे स्वस्त. पण थंडीत गार वारा आत शिरतो, पाण्याचे पाइप गोठू शकतात, वरच्या खोलीची जमीन पायाला झोंबते. मग घरातलंच कुणीतरी झरोके बुजवतं आणि रेडॉन पुन्हा हजर.

दुसऱ्या मार्गात मातीवर जाड पॉलिथीन अंथरतात, सांधे आणि भिंतीलगतच्या कडा चिकटवून बंद करतात. खाली भोकांचा पाइप. पंखा त्यातून वायू ओढून छपराच्या वर सोडतो. खर्च जास्त, आणि पंखा अखंड चालू, त्यामुळे विजेचं बिलही. तरी माझं मत यालाच; नीट बसवलं तर हेच जास्त परिणामकारक. (ओलही कमी होते, तो वरचा फायदा.) फक्त त्या प्लास्टिकवरून खोकी ओढत नेऊ नका, फाटतं. पंखाही क्रॉल स्पेसमध्ये बसवू देऊ नका: पुढचा पाइप गळला तर ओढलेला वायू घराखालीच सुटेल.