सोर्स कोडमधून ओपनएसएसएच: बांधणी चोख, सांभाळ मात्र आपला

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या मिळणे, ३० जून २०२४ रोजी संपले आणि दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरची ९.८ ही आवृत्ती एका गंभीर दोषावरील दुरुस्तीसह प्रसिद्ध झाली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या लहानशा कंपनीचे काही सर्व्हर महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये ठेवलेले आहेत आणि ते नेमके या जुन्या प्रणालीवर चालतात. त्यांच्यावरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर नेणे इतक्यात शक्य नसल्याने, निदान रिमोट लॉगिनची व्यवस्था तरी नवी करावी, असे ठरले. त्यासाठी ओपनएसएसएच सोर्स कोडमधून कंपाइल करून, म्हणजे तयार पॅकेज न घेता मूळ कोडपासून स्वतः बांधून, बसवण्याचा मार्ग आम्ही पत्करला. पुढील परीक्षण त्या सॉफ्टवेअरचे आणि त्या मार्गाचेही आहे.

निमित्त झाले ते सुरक्षा तपासणीच्या अहवालाचे. तपासनीसांच्या स्कॅनरने जोडणी होताच सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ वाचली, तीत ओपनएसएसएचच्या आवृत्तीचा ७.४ हा आकडा पाहिला आणि जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या दोषासकट सारे दोष लाल अक्षरांत छापून दिले. वास्तविक क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी शोधलेला तो दोष ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. २००६ साली बुजवलेले एक भगदाड ८.५ मध्ये नकळत पुन्हा उघडले गेले होते, त्यामुळे आमची म्हातारी ७.४ त्या दोषापुरती निर्धास्त होती. शिवाय जुनी आवृत्ती कायम ठेवून तिच्यात फक्त दुरुस्त्या घालण्याची, सेंटओएस जिच्या प्रणालीवर बेतलेले आहे त्या रेड हॅट कंपनीची पद्धत असल्याने, नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. मात्र अहवालाचा तपशील चुकीचा असला तरी निष्कर्ष बरोबर होता, कारण ज्या प्रणालीला ३० जूननंतर एकही दुरुस्ती मिळणार नाही, तिच्यावरील बाहेरून दिसणारी सेवा तशीच ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मूळ एसएसएच फिनलंडच्या टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये, हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर लिहिले. पुढे त्याचा परवाना कडक होत गेला, तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी जुनी मुक्त आवृत्ती उचलून साफ केली आणि डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ सोबत ओपनएसएसएच म्हणून दिली. लिनक्ससारख्या इतर प्रणालींसाठी निघणाऱ्या आवृत्तीच्या नावाच्या शेवटी ‘पी१’ असते. आपल्याला उतरवून घ्यायची ती हीच. शेपटी नसलेली फाइल ओपनबीएसडीसाठी असते आणि लिनक्सवर ती कंपाइल होत नाही.

साधारण दोन एमबीची ही फाइल उतरवल्यावर ती अस्सल आहे की नाही, हे तपासण्याचा टप्पा टाळू नये. येथे नवख्याला हमखास चकवणारी एक बाब आहे. प्रकाशनाच्या घोषणेत दिलेला, फाइलच्या मजकुरावरून काढलेला शा-२५६ चा ठसा बेस-६४ पद्धतीने लिहिलेला असतो, म्हणजे तो ४४ चिन्हांचा असून शेवटी बरोबरचे चिन्ह असते. उलट आपल्या यंत्रावरील नेहमीची आज्ञा तोच ठसा ६४ अक्षरी षोडशमान रूपात दाखवते. दोन्ही शेजारी ठेवले की फाइल बनावट वाटू लागते. घोषणेतच तसा इशारा छापलेला असतो, पण इशारे कोण वाचतो? त्यापेक्षा सोबतची पीजीपी ही डिजिटल सही तपासणे अधिक भरवशाचे, कारण ती सही पडताळणारी की (किल्ली) प्रकल्पाच्या संकेतस्थळावर उघडपणे उपलब्ध आहे.

या दक्षतेला अलीकडचा इतिहास आहे. मार्च २०२४ मध्ये प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, आणि तिचे लक्ष्य एसएसएच सर्व्हरच होता. ती वाट चालू करणारी कळीची ओळ सार्वजनिक भांडारात नव्हती, ती फक्त प्रकाशित गाठोड्यात घातलेली होती. ओपनएसएसएचचे मूळ सोर्स एक्सझेडला हातही लावत नाही. काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडीसाठी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेसाठी, आपल्या पॅकेजमध्ये जो पॅच (जादा बदल) जोडला होता, त्याच्या आडवाटेने ती लायब्ररी आत आली होती. आपण स्वतः बांधलेला सर्व्हर कोणकोणत्या लायब्ररींना जोडला गेला आहे, हे एका आज्ञेत दिसते. ती यादी इतकी आटोपशीर असते की प्रत्येक नाव कशासाठी आहे, हे सांगता येते. या मार्गाच्या बाजूने बोलणारा याहून भक्कम मुद्दा मला तरी दिसत नाही.

खरी मेहनत ओपनएसएसएचमध्ये नाही, ती त्याच्या पायाखालच्या लायब्ररीत आहे. ९.४ या आवृत्तीपासून ओपनएसएसएल ही सांकेतिकरणाची लायब्ररी किमान १.१.१ असावी लागते, आणि सेंटओएस ७ वर असते १.०.२. म्हणजे आधी ओपनएसएसएल बांधायचे आले. १.१.१ चा आधारही सप्टेंबर २०२३ मध्येच संपलेला असल्यामुळे आम्ही निवड ३.० च्या मालिकेची केली, आणि तिची बांधणी सुरू होताच पर्ल या भाषेचे आयपीसी-सीएमडी नावाचे मोड्यूल नसल्याची तक्रार येते. ते मोड्यूल बसवले की गाडी पुढे सरकते. नवी लायब्ररी ऑप्ट या डिरेक्टरीखाली स्वतंत्र जागी ठेवावी. प्रणालीची जुनी लायब्ररी पुसून तिच्या जागी नवी टाकण्याचा उद्योग करू नये, कारण इतर कितीतरी प्रोग्रॅम तिच्यावर उभे आहेत. ओपनएसएसएलशिवायही ओपनएसएसएच बांधता येते, तशी सोयच दिलेली आहे. मात्र तेव्हा आरएसए या प्रकारच्या लॉगिनच्या की चालत नाहीत, एडी२५५१९ सारख्या मोजक्या पद्धतीच उरतात. आमच्याकडे बाहेरगावच्या ग्राहकांच्या आरएसए की असल्याने तो पर्याय बाद झाला.

यानंतरचा भाग मात्र खरोखर देखणा आहे. कॉन्फिगर ही स्क्रिप्ट यंत्राची तपासणी करून शेवटी एक गोषवारा छापते: प्रोग्रॅम कोठे बसतील, कॉन्फिग फाइल कोठे असेल, विशेषाधिकार वेगळे ठेवण्यासाठीची रिकामी डिरेक्टरी कोणती, पॅम (लिनक्सची लॉगिन पडताळणीची व्यवस्था) आहे की नाही. हा गोषवारा शांतपणे वाचावा. विशेषतः पॅमची ओळ पाहावी, कारण आपण सांगितले नाही तर तेथे ‘नाही’ असते. पॅम नसताना कुलूपबंद खात्यांना की बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. ज्यांनी सेवाखात्यांचे पासवर्ड मुद्दाम बंद करून फक्त कीवर काम चालवलेले असते, त्यांचे रात्रीचे बॅकअप नेमके येथे अडतात. पॅम चालू केल्यास स्क्रिप्ट स्वतःहून आठवण करून देते की पॅमची नियंत्रण फाइलही लागेल. लिनक्सच्या जगात इतक्या सौजन्याने बोलणारी बांधणी क्वचितच आढळते.

प्रत्यक्ष कंपाइल होणे ही काही मिनिटांची बाब आहे. त्यासोबतच्या चाचण्या मात्र बराच वेळ घेतात, पण त्या चालवाव्यात. जुन्या यंत्रावर नव्या लायब्ररीशी जोडणी नीट झाली की नाही, याचा पुरावा त्याच देतात. बसवण्याची आज्ञा आधीची कॉन्फिग फाइल पुसत नाही आणि होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणाऱ्या की) नसतील तरच नव्या तयार करते, ही दोन्ही वर्तने समंजस आहेत.

गाठी पडतात त्या जुने आणि नवे एकत्र नांदवताना. रेड हॅटच्या पद्धतीत होस्ट कीच्या फाइली एका खास गटाला वाचता येतात, म्हणजे त्यांची परवानगी ०६४० असते. मूळ ओपनएसएसएचला हे मुळीच मंजूर नाही. ‘परवानग्या फार मोकळ्या आहेत’ असे बजावून तो ती की नाकारतो, एकेक करून सगळ्या नाकारल्यावर ‘होस्ट की उपलब्ध नाही’ असे सांगतो आणि थांबतो. परवानगी ०६०० केली की प्रश्न मिटतो. जुन्या कॉन्फिग फाइलमधील जे पर्याय बांधणीत घेतलेले नाहीत, त्यांच्याबद्दल सर्व्हर केवळ नोंद करून पुढे जातो. पण वितरणाने स्वतःच्या पॅचमधून घातलेला, मूळ सोर्सला ठाऊकच नसलेला पर्याय दिसला तर तो सुरू व्हायलाच नकार देतो. म्हणून सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी कॉन्फिग तपासणारी ‘टी’ ची सोय वापरणे सक्तीचेच मानावे. फाइल पाठवण्यासाठीच्या एसएफटीपी सर्व्हरचा कॉन्फिगमधील मार्गही पाहावा. ९.० पासून एससीपी ही फाइल पाठवण्याची दुसरी आज्ञासुद्धा आतून एसएफटीपीवर चालते, त्यामुळे जुने पॅकेज काढून टाकल्यावर तो मार्ग तुटला तर नव्या यंत्रांवरून फाइल पाठवणे दोन्ही प्रकारांनी बंद पडते.

सिस्टमडीची एक तक्रार ९.८ ने निकालात काढली आहे. सेंटओएसची सेवा-फाइल सर्व्हरकडून ‘मी तयार आहे’ असा निरोप येण्याची वाट पाहते. आधीच्या मूळ आवृत्त्यांना तो निरोप देता येत नसे, आणि चांगला चाललेला सर्व्हर सिस्टमडीकडून मारला जाई. आता तो निरोप ओपनएसएसएच कोणतीही बाहेरची लायब्ररी न घेता देतो. एक्सझेडच्या प्रकरणानंतर काही महिन्यांत ही सोय आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच आवृत्तीत सर्व्हरचे दोन भाग झाले, आणि लॉगमधील बऱ्याच नोंदी आता ‘एसएसएचडी-सेशन’ या नावाने पडतात. ‘एसएसएचडी’ हे जुने नाव शोधणारे, पासवर्डचे हल्ले रोखणाऱ्या फेलटूबॅन या प्रोग्रॅमचे नियम त्यामुळे चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न मोजायचे विसरतात, आणि हे कोणतीही सूचना न येता घडते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. नव्या जागेत कोरी कॉन्फिग फाइल वापरल्यास नोंदी ‘सिक्युअर’ ऐवजी ‘मेसेजेस’ या फाइलीत जाऊ शकतात, म्हणून जपणूक कोणत्या फाइलीची चालली आहे, तेही पाहून घ्यावे.

हे सारे रिमोट यंत्रावर करायचे असेल तर क्रम पाळावा लागतो. नवा सर्व्हर प्रथम २२२२ सारख्या वेगळ्या पोर्टवर चालवावा, फायरवॉलमध्ये तो पोर्ट फक्त कार्यालयाच्या पत्त्यासाठी उघडावा, दुसऱ्या यंत्रावरून आत शिरून पाहावे, आणि मगच २२ क्रमांकाच्या पोर्टला हात लावावा. तोवर जुने सेशन उघडेच ठेवावे. या खबरदारीचे मोल ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. बाहेरच अडकलो तर ट्रान्स हार्बरची लोकल पकडून घणसोली, तेथून रिक्षाने महापे, मग डेटा सेंटरच्या फाटकावर आधीच काढलेला गेट पास, ओळखपत्र आणि लॅपटॉपच्या सीरियल नंबरची नोंद, आणि एवढे करून शेवटी थंडगार खोलीत उभ्याने कीबोर्ड बडवायचा. आमच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

वापरणाऱ्यांच्या बाजूने तक्रारी आल्या त्या विंडोजवरून लॉगिन करण्याच्या पुटी या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीच्या. ८.८ पासून शा-१ वर आधारलेली आरएसए सही बंद आहे, आणि वर्षानुवर्षे न बदललेली पुटी तीच सही पाठवते. की बदलावी लागत नाही, पुटी नवी केली की तीच आरएसए की चालते, हे प्रत्येकाला फोनवर समजावून सांगण्यात जो वेळ गेला, त्याची कल्पना कंपाइल करण्यापूर्वीच देऊन ठेवलेली बरी.

ज्यांचे सर्व्हर उबुंटूच्या किंवा डेबियनच्या चालू आवृत्तीवर आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०२४ रोजी त्या दोघांचीही दुरुस्त पॅकेजे त्याच दिवशी आली आणि नेहमीच्या अपडेटने बसली. सोर्समधून बांधणाऱ्याला ही ऊब नाही: नवी आवृत्ती साधारण वर्षातून दोनदा निघते, तिची बातमी आपणच ठेवायची, बांधणी आपणच करायची, आणि ओपनएसएसएलमध्ये दोष निघाला तर तेही आपणच पुन्हा बांधायचे, कारण ऑप्टखालच्या त्या लायब्ररीकडे यम हा पॅकेज अपडेट करणारा प्रोग्रॅम ढुंकूनही पाहत नाही. ज्या कार्यालयात हे काम एकाच माणसाला येते आणि तो माणूस नोकरी बदलण्याच्या बेतात आहे, तेथे तर पॅकेजच बरे.

तरीही बांधायचेच असेल, तर सोर्ससोबतच्या कॉन्ट्रिब विभागातील रेड हॅटची स्पेक फाइल पाहावी. थोडी डागडुजी करून तिच्यापासून आरपीएम, म्हणजे रेड हॅटच्या पद्धतीचे पॅकेज, बनवता येते, आणि मग एका यंत्रावर बांधलेले तेच पॅकेज बाकीच्या यंत्रांवर बसवणे आणि काढणे सोपे जाते. आरपीएम न बनवता सरळ बसवले असेल, तर बांधणीची डिरेक्टरी पुसू नये आणि कॉन्फिगरला दिलेले पर्याय तिच्याशेजारी एका फाइलीत लिहून ठेवावेत, कारण काढून टाकण्याची आज्ञा त्याच डिरेक्टरीतून द्यावी लागते आणि पुढची आवृत्ती बांधताना हेच पर्याय जसेच्या तसे लागतात.